कुपवाडच्या काकांना, एस्टीमवाल्याकडून

काका, साष्टांग नमस्कार.

पत्रात नाव घालू नकोस, दुकानाचा पत्ता तर मुळीच नको, असं तुम्ही बजावलंत. म्हणून नाव नाही. कुपवाड एमआयडीसीत ज्यांनी तुमच्या लेथवर एकदा तरी जॉब, म्हणजे घडवायचं काम, टाकलाय त्यांना दोन परिच्छेदांत कळेल हे कोणाबद्दल आहे, आणि बाकीच्यांचं त्यावाचून अडणार नाही. पण आभार मला चारचौघांत मानायचे होते. तोंडावर मानायला आलो की तुम्ही मशीन चालू करता.

गाडीची हकिगत तुम्हाला पाठ आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पप्पांची २००४ ची एस्टीम. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागात आमच्या दारातच ती छतापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सीटवर वीतभर गाळ. पप्पा भंगारात द्यायला निघाले होते, मी अडवलं. इंजिन उघडून धुऊन बसवता बसवता मनात आलं की हिला आता रस्त्यासाठी नाही, ट्रॅकसाठी उभी करायची. १३०० सीसी, अंगाने हलकी, आणि एके काळी आपल्याकडच्या रेसिंगमध्ये एस्टीम भरपूर पळलेली. अडचण एकच होती. ट्रॅकसाठी लागणारे निम्मे भाग बाजारात मिळतच नाहीत. ते घडवून घ्यावे लागतात.

तुमच्याकडे येण्याआधी मी इंजिनचा माउंट, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा भाग, एका ठिकाणी करून घेतला होता. मी कागदावर काढला तसा त्यांनी करून दिला, काही विचारलं नाही, पैसे घेतले. दुसऱ्याच आठवड्यात तो वेल्डच्या कडेने उघडला. म्हणून कोणीतरी तुमचं नाव सांगितलं तेव्हा मी ब्रेकच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग घेऊन आलो. पुढे मोठी डिस्क बसवायची होती, त्यासाठी कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, बाहेर सरकवायचा, आणि मध्ये हा तळहाताएवढा ब्रॅकेट. एन-८ पोलादाच्या दोन पट्ट्या काटकोनात वेल्ड करायच्या, असा माझा बेत होता.

तुम्ही चष्मा वर केलात, कागद बघितलात आणि म्हणालात, "हे मी करणार न्हाई."

मी खरोखर चिडलो होतो, काका. पैसे देतोय, ड्रॉइंग देतोय, मग अडचण काय? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. खालच्या खणातून एका कापडात गुंडाळलेला शाफ्टचा तुकडा काढलात आणि माझ्या हातात दिलात. गुऱ्हाळाच्या चरकाचा शाफ्ट, मनगटाएवढा जाड, मोडलेला. मोडलेल्या तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत होता, त्यावर नदीकाठच्या वाळूवर पाणी मागे सरताना रेघा उठतात तशा एकाआड एक कमानी. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. तुम्ही नखाने कडेचा एक ठिपका दाखवलात. "हितनं सुरू झालंय. ह्या रेघा म्हंजे रोज थोडं थोडं चिरत गेलंय. आन् हे खडबडीत हाय ना, ते एका झटक्यात गेलंय." तो ठिपका बरोबर तिथे होता जिथे जाड शाफ्ट बारीक होतो. कोणीतरी तिथे टोकदार कोपरा ठेवला होता, गोलाई दिली नव्हती.

मग तुम्ही पाटाचं सांगितलंत. उसाला पाणी सोडलंय आणि पाट काटकोनात वळवलाय, तर पाणी वळणावर कड खातं. तोच पाट सावकाश वळवला तर कड टिकते. लोखंडातून जोरही तसाच वाहतो. वेल्डचंही तसंच समजावलंत: एन-८ मध्ये कार्बन जास्त, नीट तापवून न घेता वेल्ड मारला की शेजारचा भाग कडक होतो आणि तिथूनच तडकतो. शेवटी म्हणालात, "इंजिनचा माउंट मोडला तर गाडी थांबंल. ब्रेकचा मोडला तर न्हाई थांबायची."

यातलं बरंचसं पुस्तकांत असतं, हे मला नंतर कळलं. पण त्या तुकड्याच्या वजनासकट कळलं ते तुमच्या दुकानात, आणि विसरणं शक्य नाही.

ब्रॅकेट २० मिलीमीटर जाडीच्या एका सलग पोलादी पाटीतून काढायचा ठरला. त्या दिवशीचं काम मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही लेथचा चक, म्हणजे जॉब धरणारा जबडा, काढून फेसप्लेट, म्हणजे जॉब बांधायची सपाट तबकडी, चढवलीत, जॉब तिच्यावर एका बाजूला बोल्टने बांधलात आणि समोरच्या बाजूला वजनाला एक जुना गिअर. हाताने फेसप्लेट फिरवून सोडायचात. जड बाजू खाली येऊन थांबली की गिअर सुताभराने सरकवायचा, पुन्हा फिरवायची. कुठेही सोडली तरी जागच्या जागी राहील तोवर मोटार चालू केली नाहीत. अर्धा तास त्यातच गेला. मग ग्राइंडरवर टूलचं नाक घासलंत, रेडियस गेज लावून उजेडात धरलंत, परत घासलंत. ३ मिलीची गोलाई. जॉब पूर्ण गोल नसल्यामुळे टूल दर फेऱ्याला लागायचं आणि सुटायचं, टक टक टक असा आवाज. जरा घरघर सुरू झाली की तुम्ही न बघता स्पीड उतरवत होतात. शेवटी कोपऱ्यात पॉलिश पेपर फिरवून टूलच्या रेघा काढल्यात आणि माझं बोट धरून त्या कोपऱ्यावरून फिरवलंत. काहीच अडकलं नाही.

भोकं ड्रिलने काढून ती अचूक मापात आणायला रीमर मारलात. बोल्टचे आटे भोकाच्या आत येता कामा नयेत, तिथे सपाट दांडाच हवा, म्हणून मी आणलेले बोल्ट परत पाठवलेत. तेव्हा नाही चिडलो.

रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याच्या, वेळी मी नियम वाचून आलो होतो, म्हणून वाद झाला नाही. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीला सीमलेस कोल्ड ड्रॉन, म्हणजे बिनजोड आणि थंडच ओढून काढलेला, पाइप, ४५ मिली व्यास, २.५ मिली जाडी. वाकवताना रेडियस व्यासाच्या तिप्पट तरी हवा, म्हणजे १३५ मिली. पायाखालच्या पाट्या किमान ३ मिली जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर. स्वस्तात मिळतो म्हणून फर्निचरचा पाइप कोणी सुचवला होता, तो विषय तुम्ही हाताने उडवून लावलात. पाइपला पाइप भिडवताना मात्र माझ्याकडूनच घासून घेतलंत. कागद गुंडाळून खूण करायची, अर्धगोल कानसीने माशाच्या तोंडासारखा आकार काढायचा, आत टॉर्च धरायचा, आणि फटीतून उजेड दिसला तर टॅक, म्हणजे पहिला कच्चा वेल्ड, मारायचा नाही. बावीस सांधे. पहिल्या तिघांना एकेक संध्याकाळ लागली.

तुमचे वडील किर्लोस्करवाडीला कामाला होते, असं तुम्ही एकदा चहाच्या वेळी बोललात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या ओसाड माळावर तो कारखाना उभा केला. आपल्या जिल्ह्यात आजही कुठल्याही गल्लीत लेथ सापडतो, त्याची मुळं मला तिथेच दिसतात. गुऱ्हाळवाल्याचा शाफ्ट, ट्रॅक्टरची पिन आणि माझ्या एस्टीमचा ब्रॅकेट तुम्ही एकाच नजरेने बघता. माझं काम हौसेचं म्हणून तुम्ही ते कधी हलकं धरलं नाहीत. बिल पूर्ण लावलंत, आणि मला ते फार आवडलं. शिकवलंत त्याचं मात्र बिलात काही नव्हतं, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात गाडी टेम्पोत घालून कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर नेली. रस्त्यावरून चालवत न्यायची नाही हा तुमचा शब्द पाळला. कायद्यानेही अशी बदललेली गाडी रस्त्यावर चालत नाही. २.१ किलोमीटरचा ट्रॅक, एस. करिवर्धन यांच्या नावाचा. मारुती ८०० चं इंजिन आणि सुटे भाग घेऊन त्यांनी एका माणसाची रेसिंग गाडी बनवली होती, हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "मग त्यांच्याकडं टर्नर चांगला असणार."

चार सेशन झाली. सरळ पट्ट्याच्या शेवटी पूर्ण जोराने ब्रेक दाबायचा, तिथे पहिल्यांदा दाबताना मला फेसप्लेटची टक टक आठवली. पेडल दगडासारखं घट्ट. गाडी सरळ रेषेत बसली. पप्पा कठड्यामागे उभे होते.

घरी आल्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्ही ब्रॅकेट उतरवले. साफ केले, चिरेत शिरणारं लाल पेनिट्रंट फवारलं, दहा मिनिटं थांबलो, पुसलं, वरून चिरेतला लाल रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. दिवा जवळ घेऊन दोन्ही कोपरे किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. पांढराच राहिला. लाल रेघ कुठेही नाही.

पुसून परत बसवलेले नाहीत. पहिल्या ट्रॅकनंतर मला दाखव, म्हणाला होतात. रविवारी घेऊन येतो, सोबत भडंग. मागच्या ब्रेकच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंगही आणतोय. आतल्या कोपऱ्यात ३ मिलीची गोलाई मी आधीच लिहिली आहे. एका ठिकाणी ४ करावी का, एवढं मात्र तुम्हीच बघून सांगा.

तुमचा,
एस्टीमवाला