बाबा, नळी पुरती वाळू द्या

नागपूर, १४ जुलै

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल सकाळी सुखरूप पोचले. आईने दिलेली मेतकुटाची बरणीही धड पोचली. मोबाइलवर लिहिलेलं वर सरकून जातं आणि बाबा चष्मा हाताशी नसला की वाचत नाहीत, म्हणून हे पत्र मुद्दाम हाताने लिहितेय. वाचून झालं की झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

मंगळवारी पहाटे मी पाणी प्यायला उठले, तर आई अंधारात पलंगावर बसलेली. एक हात बाबांच्या छातीवर. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, श्वास मोजतेय." सीपॅप मशीनचा, म्हणजे झोपेत बाबांचा श्वास अडू नये म्हणून नळीतून नाकात हवा फुंकणाऱ्या यंत्राचा, मास्क उशाशी पडला होता. तो उचलून नाकाजवळ नेला, तर ओली छत्री मिटून ठेवल्यावर येतो तसला कुबट वास. बाबा, दोन महिने तुम्ही "नाक चोंदलंय" म्हणून मास्क काढून ठेवत होतात, त्यामागे हा वास होता. आईला वाईट वाटेल म्हणून बोलला नाहीत, हो ना? सकाळी मी मशीनच्या पडद्यावर तास बघितले. रात्रीला सरासरी दोन. झोपेच्या तपासणीत तुमचा श्वास तासाला ४२ वेळा अडखळत होता. ३० च्या पुढे गेलं की डॉक्टर आजार तीव्र धरतात. मशीन दोन तास लावायचं आणि उरलेली रात्र आईने जागून काढायची, हे मला बघवत नाही.

आई, तू रोज मास्क आणि नळी धुतेस आणि झुरळ-पाल फिरू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारतेस. तुझी काळजी मला कळते. पण ती पिशवी मी सोडली तेव्हा आतून थेंब लोंबत होते. जुलैत आपल्याकडे टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही. मग सहा फुटांची ती वळ्यावळ्यांची नळी बंद पिशवीत कशी वाळणार? प्रत्येक वळीत पाणी अडकून राहतं, त्यात बुरशी धरते, आणि तीच हवा रात्रभर बाबांच्या छातीत जाते.

आणि बाबा, हे काम यापुढे आईचं नाही, तुमचं आहे. तिचे गुडघे दुखतात म्हणून नुसतं म्हणत नाही. वागळे इस्टेटमध्ये तुम्ही एकतीस वर्षं लेथ चालवलात. दसऱ्याला मला घेऊन जायचात, तेव्हा सगळ्या खात्यात तुमचं मशीन ओळखू यायचं. शिफ्ट संपायच्या दहा मिनिटं आधी लोखंडाचा कीस ब्रशने झाडायचा, मशीनचा बेड पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, मगच हात धुवायचे. त्याच हातांना हे मशीन परकं वाटायचं कारण नाही. १९८० साली ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी हा उपाय पहिल्यांदा केला, तो व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून. हवा ओढायच्या ऐवजी ती नाकात फुंकायची आणि त्या दाबाने झोपेत मिटणारा घसा उघडा ठेवायचा, एवढंच. त्याआधी आजार फार वाढला तर गळ्याला भोक पाडण्यावाचून फारसं काही हाती नव्हतं.

सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मशीनमधल्या, हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या डबीत उरलेलं पाणी ओतून टाकायचं. त्यातच वर भर घालायची नाही. डबी विसळून, उघडी करून, स्वच्छ पंचावर पालथी ठेवायची. मग मास्कचा सिलिकॉनचा मऊ भाग सुटा करून कोमट पाण्यात, साध्या बिनवासाच्या साबणाच्या एका थेंबाने, बोटांनी चोळायचा. ब्रश नको, ओरखडे पडतात. रात्रभरात त्यावर चेहऱ्याचं तेल बसतं, म्हणून तो गालावरून घसरतो आणि फस्स करून हवा सुटते. झोपण्याआधी तोंड साबणाने धुतलंत तर निम्मं काम तिथेच होतं. शनिवारी डोक्याला खोबरेल थापता, ते सकाळी थापा. पट्टे तेलकट होऊन सैल पडलेत. मास्कच्या पुढे जी बारीक भोकं आहेत, त्यांतून तुमचा उच्छ्वास बाहेर पडतो. धुऊन झाल्यावर ती उजेडात धरून बघा, एकही बुजलेलं नको.

आई, पाण्यात जंतुनाशक घालायचं नाही, स्पिरिट नाही, उकळतं पाणीही नाही. त्याने मास्क खराब होतो, आणि तो उग्र वास तर थेट फुप्फुसात जातो. ओझोनने सगळं निर्जंतुक करणाऱ्या पेटीची जाहिरात तू मला दाखवलीस, तीही नको. असल्या ओझोनच्या आणि अतिनील किरणांच्या पेट्यांना आपली मान्यता नाही, असं अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २०२० साली सांगून लोकांना सावध केलं होतं. श्वासाचा त्रास असलेल्या घरात ओझोन आणायचाच कशाला? साबण आणि पाणी पुरे.

नळी रविवारी. बादलीत साबणाचं कोमट पाणी, नळी त्यात बुडवून दोन्ही टोकं वरखाली करायची म्हणजे पाणी आतून फिरतं. मग दोनदा साध्या पाण्याने. त्यानंतरचं काम घाईने करू नका. मोरीत उभं राहून एक टोक धरून नळी जोरात झटका, पाणी उडेल तितकं उडू द्या. मग मागच्या खोलीत कपड्यांच्या दांडीवर मधोमध टाका, दोन्ही तोंडं खाली मोकळी, वर पंखा. निथळू द्या. खिळ्याला अडकवू नका, मुडपते. उन्हातही नको, प्लॅस्टिक ठिसूळ होतं. न्हाणीघरात गिझरची वाफ आणि स्वयंपाकघरात फोडणीची, म्हणून तिथेही नको. संध्याकाळी नळी खिडकीपाशी उजेडाकडे धरून आरपार बघा. आत थेंब दिसले तर मशीनमधून पाण्याची डबी काढून ठेवा, नुसती नळी जोडून, मास्क न लावता, दहा-पंधरा मिनिटं हवा सोडा. पावसाळ्यात याला पर्याय नाही. पूर्ण वाळल्यावरच झाकायची, आणि तेही प्लॅस्टिकने नाही. आई, तुझ्या जुन्या मलमलच्या साडीची नाडीची पिशवी शिव. झुरळही शिरणार नाही आणि हवाही खेळेल.

रात्री नाकावर थेंब पडून तुम्ही दचकून उठता, ते पाणी धुण्यातलं नाही. भाताच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब धरतात तसं ते आहे. डबीतून निघालेली कोमट दमट हवा एसीतल्या गार नळीत थंड होते आणि पाणी सुटतं. आपलं मशीन पलंगाच्या वरच्या फळीवर होतं, त्यामुळे ते सगळं उताराने मास्ककडे यायचं. मी निघताना ते खालच्या स्टुलावर ठेवलंय, तिथून हलवू नका. नळी गोधडीच्या आत घ्या, मशीनवरचा ओलाव्याचा आकडा एक घर कमी करा.

पाणी डिस्टिल्डच, औषधाच्या दुकानातलं. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी श्वासासाठी नसतं. नळाच्या पाण्याने डबीच्या तळाला पांढरा थर धरलाय, तो महिन्यातून दोनदा एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि नऊ वाट्या पाण्यात भिजवून काढा, मग भरपूर विसळा. पाणी भरलेली डबी आत असताना मशीन उचलायचं नाही, मोटरीत पाणी जातं.

फिल्टर धुवायचा नाही, टाकायचा. पुस्तिकेत सहा महिने लिहिलंय, ते स्वच्छ हवेचं. आपली खिडकी घोडबंदर रोडवर, ट्रक आणि मेट्रोच्या कामाची धूळ. मी काढला तो फिल्टर चुलीच्या पोतेऱ्यासारखा काळा होता. दर महिन्याच्या एक तारखेला बघा, करडा दिसला की बदला. मशीन खोलीतलीच हवा ओढतं, म्हणून त्या खोलीत धूप, उदबत्ती, डासांची कॉइल नको. कपाटातल्या डांबरगोळ्या मी काढून ठेवल्यात. मच्छरदाणी लावा. आणि बाबांना सर्दी झाली की ती जाईपर्यंत नळीही रोज धुवायची.

सोबत एक जादा नळी आणि सहा फिल्टर पाठवतेय. एक नळी दांडीवर, दुसरी मशीनला, म्हणजे वाळायची घाई होणार नाही. रविवारी सकाळी फोन करेन, तेव्हा बाबा, पडद्यावरचा तासांचा आकडा मला वाचून दाखवा. आणि आई, तू किती वाजता उठलीस ते सांग.

तुमची,
लेक