आत्मविश्वास पुरे, दर सांगा

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलींसाठीचा लेख वाचला. मुलींना आत्मविश्वास कमी पडतो म्हणे; स्वतःची किंमत ओळखा, ठामपणे आकडा सांगा, नाही म्हणायला शिका. छान. आकडा किती सांगायचा, तेवढे मात्र राहून गेले.

मी कंधार तालुक्यातल्या तांड्यावरची. घरून अनुवाद करते. मागे पुण्याच्या एका एजन्सीने रक्तक्षयावरची माहितीपत्रके मराठीवरून गोरबोलीत, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या भाषेत, करून मागितली, शब्दाला 60 पैसे. मी दीड रुपया म्हटले, लेखात सांगितले आहे तितक्याच ठामपणे. उत्तर आले, "अहो, ती तर तुमची घरचीच भाषा, त्यात अवघड काय? शिवाय तिकडे खर्चही कमी असतो." पुढे त्यांच्याच एका ईमेलखाली जुना पत्रव्यवहार चिकटून आला. त्याच पत्रकांच्या मराठी अनुवादाला पुण्याच्या एका बाईंना दीड रुपया दिलेला! मराठी त्या बाईंच्या घरी काय पाहुणी म्हणून राहते?

अवघड काय ते ऐका. मराठीला शब्दकोश आहेत, शासनाचे परिभाषा कोश आहेत. गोरबोली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, शाळेत नाही. देवनागरीत कोणता उच्चार कसा लिहायचा यावर दोन माणसांचे जमत नाही. एकेक वाक्य तांड्यावरच्या बायकांना वाचून दाखवायचे, त्यांनी माना हलवल्या तरी पुन्हा विचारायचे, मग मोडून नव्याने लिहायचे. काम सोडले नाही, कारण मी सोडले असते तर पत्रक मराठीतच आले असते आणि आमच्या म्हाताऱ्यांनी त्यात भजी बांधली असती. पैसे आले दिवाळी उलटल्यावर.

थकलेल्या बिलासाठी तुमच्या लेखिका 'नम्र आठवण' करायला सांगतात. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याने उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगाची नोंदणी) असलेल्याचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी फुकट होते. एवढे छापायला किती जागा लागली असती?

माझे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. उचल, मुकादमाची बोलणी, सगळे सोसले, पण तोडणीला टनामागे काय मिळते हे अख्ख्या तांड्याला ठाऊक असे. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढ मिळाली, तीही संघटना आणि साखर संघ समोरासमोर बसले म्हणून. त्यांच्या एम.ए. झालेल्या लेकीला मात्र बाजारभाव विचारायला ओळखीचे कोणी नाही. शहरातल्या मुलीला मैत्रीण सांगते, मावशी सांगते, जुना साहेब सांगतो. आमच्या घरात बिल हा कागद पहिल्यांदा मीच तयार केला. याला तुम्ही आत्मविश्वासाची कमतरता म्हणता.

आणखी एक. दर श्रावणात आमच्या तीज सणाचा फोटो छापता आणि खाली 'पारंपरिक वेशभूषेतील महिला' एवढेच लिहिता. कोणता तांडा, कोणता तालुका, हे फोटोग्राफरला विचारायला काय हरकत आहे?

पुढच्या रविवारी अनुवाद, मुद्रितशोधन, फोटो यांचे चालू दर छापावेत. सुरुवात घरापासून करा: पुरवणीतल्या एका लेखाचे तुम्ही किती देता, आणि किती दिवसांनी?

— एक अनुवादक, ता. कंधार, जि. नांदेड