माहिती फुटली त्यांच्याकडून, हेलपाटे आमच्या वाट्याला

माननीय संपादक,
स. न.

वैयक्तिक माहिती फुटल्यावर ग्राहकांनी काय काळजी घ्यावी, हा कालच्या अंकातला लेख वाचला. पासवर्ड बदला, ओटीपी सांगू नका, वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल, बघा. सल्ला चुकीचा नाही, पण सगळा ग्राहकालाच. ज्यांच्याकडून माहिती फुटली त्यांनी काय करायचे, यावर एक ओळ नाही. शिवाय पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलायची?

माझ्या धाकट्या बहिणीच्या पॅनवर कुणीतरी मोबाइल अ‍ॅपवरून कर्ज उचलले. तिला ते कळले गृहकर्ज नाकारले गेले तेव्हा. थकलेल्या त्या कर्जावरचा मोबाइल नंबर तिचा नाही, पत्ता तिचा नाही. कर्ज देताना हे कुणाला खटकले नाही. पण ‘मी कर्ज घेतलेले नाही’ हे सिद्ध करायला मात्र तिच्याकडे पोलीस तक्रार, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, सह्यांचे नमुने आणि वर पॅन-आधारच्या प्रती मागितल्या, त्याही ईमेलवर! ज्या कागदांच्या चोरीतून हे सारे उद्भवले, तेच कागद पुन्हा पाठवायचे. तोवर वसुलीवाले तिच्या ऑफिसात फोन करत होते. घराचा व्यवहार हातचा गेला तो गेलाच.

क्रेडिट रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर तक्रारदाराला दिवसाला 100 रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो तिला कुणी सांगितला नाही. आपल्या लेखातही तो नाही.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातल्या 250 कोटींपर्यंतच्या दंडाचे आपण कौतुक केले आहे. तो दंड सरकारच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे कलम 43-अ वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. अमेरिकेत 2017 मध्ये इक्विफॅक्स या, लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून 14 कोटींहून अधिक लोकांची माहिती फुटली. पुढच्याच वर्षी आपली क्रेडिट फाइल मोफत गोठवण्याचा हक्क तिथल्या लोकांना कायद्याने मिळाला. फाइल गोठवली की दुसऱ्याला त्या नावावर नवे कर्ज काढणे फार अवघड जाते. इक्विफॅक्स आपल्याकडेही काम करते. मग हा हक्क आपल्याला का नको? यासाठी आपल्या वृत्तपत्राने आवाज उठवावा.

आणखी एक. त्याच अंकातल्या वाचक स्पर्धेच्या कूपनात नाव, पत्ता, मोबाइल यांच्यासोबत जन्मतारीख आणि आधार क्रमांकही मागितला आहे. स्पर्धेत भाग घ्यायला आधार क्रमांक कशाला? आणि स्पर्धा संपल्यावर त्या कूपनांचे काय होते? हे कृपया छापून कळवावे, आणि पुढच्या कूपनातून ते दोन्ही रकाने काढून टाकावेत.

आपला,
एक नियमित वाचक