इंजिन न उघडणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि दुसऱ्या गाडीखाली शिरता. म्हणून हे असं, चारचौघांत.

"पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल," असं माझ्या गाडीबद्दल तुमच्याआधी ज्यांनी ठामपणे सांगितलं, त्यांनी ऑइल भरायचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं. पुरावा काय, तर एअर फिल्टरच्या डब्यात आलेलं ऑइल आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या सीलची गळती. ते सील त्यांनी गिअरबॉक्स उतरवून बदललंही होतं. गळती पुन्हा सुरू झाली. होणारच! आतला दाब तसाच ठेवून नवं सील किती टिकणार?

रिंगा धडधाकट असल्या तरी जळलेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीत, उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं असतात. तो बाहेर ओढला गेला नाही तर ऑइलचा गाळ होतो आणि दाब सापडेल त्या फटीतून वाट काढतो: सील, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या कव्हरचं) पॅकिंग, कधी डिपस्टिकची नळी. हे ओढण्याचं काम पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्हचं. एका बाजूला क्रँककेस, दुसऱ्या बाजूला सिलिंडरांत हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्ड, मध्ये स्प्रिंगवरचा छोटा दट्ट्या. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डची ओढ जबरदस्त, म्हणून दट्ट्या वाट अरुंद करतो. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते, स्प्रिंग दट्ट्याला मागे सारते आणि वाट मोठी होते. बॅकफायर झालाच, म्हणजे आग मॅनिफोल्डमध्ये उलटी आलीच, तर तो वाट बंद करतो, म्हणजे आग क्रँककेसपर्यंत पोचत नाही. ताजी हवा येते फिल्टरकडून, ब्रीदर पाईपने.

व्हॉल्व्ह चोंदला की याच ब्रीदर पाईपने सगळं उलटं येतं आणि फिल्टरच्या डब्यात ऑइल साचतं. इथे तर तो पाईपही गाळाने अर्धा बुजलेला. मग उरलं काय, सीलच. रिंगा झिजल्या तरी लक्षणं हीच दिसतात, हे खरं. पण म्हणूनच आधी हातभर लांबीचा पाईप आणि बोटाएवढा व्हॉल्व्ह बघायचा असतो. तो साफ असूनही दाब राहिला, तर काँप्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो) आणि लीकडाउन (तो दाब कुठून निसटतो) तपासावं, इंजिन उघडायची गोष्ट त्यानंतर. इतका साधा क्रम पाळायला जड का जातो, कोण जाणे.

तुम्ही गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचं झाकण काढलंत आणि त्या तोंडावर कागद धरलात. कागद उडाला. पण मनात राहिलं ते पुढचं. व्हॉल्व्ह काढून तुम्ही तो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "कानाशी धरून हलवा." आवाज नाही. मग नवा दिलात: टिक, टिक, टिक. नवा बसवल्यावर कागद पुन्हा धरायला लावलात, तोही मलाच. तो हलकेच तोंडाला चिकटला. गाडीवाल्याला काय कळतंय, असं न मानता त्याच्या हातात पुरावा देणारा माणूस विरळा. मोठं काम आयतं दारात आलेलं असताना ते नाकारणारा त्याहून विरळा, आणि वर तुमचा आविर्भाव असा की यात विशेष काहीच नाही.

तुमच्या बोलण्यातलं बाकीचं इतरांच्याही उपयोगाचं आहे. व्हॉल्व्ह त्याच इंजिनाच्या पार्ट नंबरचा हवा, कारण स्प्रिंग आणि भोक त्या इंजिनासाठी मोजून ठरवलेलं असतं. 'बसतोय ना' एवढं पुरत नाही. उलटा तर मुळीच बसवू नये. व्हॉल्व्ह ज्यात बसतो ते रबरी ग्रोमेट कडक झालं असेल तर तेही बदलावं, आणि पाईप ऑइल सोसणाराच घ्यावा, पाण्याचा नळीतुकडा ऑइलने फुगून मऊ पडतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा पाईप चिरला तर उलट तक्रार येते: जास्तीची हवा आत, आयडलिंग डळमळीत, कधी पी०१७१ कोड, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त असल्याची गाडीच्या कॉम्प्युटरची नोंद. काही नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच असतो आणि त्यात पडदा असतो. तो फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो आणि चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उचलताना जोरात ओढल्यासारखं लागतं. असा व्हॉल्व्ह क्लीनर मारून सुधारत नाही. आणि ऑइल खुणेच्या वर भरलेलं असेल, तर कुठलाही व्हॉल्व्ह ऑइल ओढणारच.

पुढच्या ऑइल बदलीला गाडी तुमच्याकडेच आणतो. ब्रीदर पाईपची फिल्टरकडची क्लिप थोडी ढिली वाटते आहे, तेवढी तेव्हा बघा.