दौऱ्यामागची आखणीही छापावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी मैफलींविषयी आपल्याकडे येणारा मजकूर बहुधा तिकिटांचे दर आणि गर्दी यांपाशीच थांबतो, याची हळहळ वाटते. कॅनडातील ‘रश’ या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा २०१५ मधील ‘आर ४०’ दौरा पाहा. ड्रमवादक नील पर्ट हाताच्या जुन्या दुखण्याने आणि गिटारवादक अ‍ॅलेक्स लाइफसन संधिवाताने त्रस्त होते; दौरा उत्तर अमेरिकेतील ३५ कार्यक्रमांपुरताच ठेवला गेला. गाण्यांचा क्रम त्यांनी उलटा लावला, अगदी अलीकडच्या गाण्यांपासून १९७४ च्या पहिल्या अल्बमपर्यंत. गाणी जसजशी जुनी होत, तसतसे कामगार प्रेक्षकांदेखत रंगमंचावरील सामान हलवत; मध्यंतरानंतर पर्ट सत्तरच्या दशकातील धर्तीच्या दुसऱ्या ड्रमसेटवर बसत आणि अखेरीस शाळेच्या व्यायामशाळेचा देखावा व खुर्चीवर ठेवलेले अ‍ॅम्प्लिफायर एवढेच उरे. १ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या ‘फोरम’मध्ये दौरा संपला, ७ जानेवारी २०२० रोजी पर्ट यांचे निधन झाले. चाळीस वर्षांची वाटचाल अशी एका संध्याकाळीत बसवणाऱ्या आखणीवरील लेखांना आपण रविवार पुरवणीत जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे