लेबल १५४५चं आणि स्पेलिंग आजचं?

मा. संपादक, स.न.

मी पुण्यात जर्मन शिकवते. परवा क्लासमध्ये जुनी जर्मन कशी दिसायची ते मुलांना दाखवावं म्हणून मोबाईलवर 'लूथर १५४५' (म्हणजे मार्टिन लूथरने केलेल्या जर्मन भाषांतराची १५४५ची आवृत्ती) असं लेबल लावलेलं बायबल उघडलं, 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य, आणि बघते तर स्पेलिंग सगळं आजचं! जर्मनीतल्या विटेनबर्गला हान्स लुफ्टने छापलेल्या १५४५च्या पानावर 'हिमेल' (आकाश) मध्ये आजच्यासारखे दोन नाही, एम एकच आहे, 'शुफ'च्या (निर्माण केलं) शेवटी आज एक असतो तिथे एफ दोन, 'उंड' (आणि) सुरू होतो यू ने नाही तर व्ही ने, आणि वाक्यात स्वल्पविरामाच्या जागी तिरकी रेघ. ओ च्या डोक्यावर आज जे दोन ठिपके देतात तिथे तेव्हा बारीकसा ई बसायचा, ठिपके त्यातूनच आले. मुलांना यातलं काहीच दिसलं नाही.

नुसतं दिसण्याचं असतं तर एवढं मनावर घेतलं नसतं. पण 'हेर' म्हणजे प्रभू हा शब्द घ्या. लूथरने चारही अक्षरं कॅपिटल केली की मूळ हिब्रूत देवाचं चार अक्षरी नाव आहे, आणि पहिली दोनच कॅपिटल असली तर तिथे 'अदोनाय' म्हणजे नुसता 'प्रभू' हा शब्द आहे. सगळीकडे एकच रूप करून टाकलं की हा फरक कायमचा गेला, वाचणाऱ्याला कळणारही नाही.

स्कॅनवरून टेक्स्ट काढतात तिथे वेगळाच घोळ. जुना लांब एस एफ सारखा दिसतो, मग एस ने सुरू होणारा 'झाइन' म्हणजे 'त्याचा' असतो त्याचा 'फाइन' म्हणजे 'नाजूक' होतो. आपल्याकडे डोंगरातल्या 'दऱ्या'चा र बिघडून समुद्राचा 'दर्या' झाला तर आपण लगेच ओरडतो ना, तसंच आहे हे.

जुनं स्पेलिंग ठेवलं तर सर्च केल्यावर सापडत नाही असं म्हणतात, ते खरंय, पण मग सर्चला आतून दोन्ही रूपं एकच धरायला सांगा की, स्क्रीनवरचं कशाला बदलता? लांब एस आणि तो बारीक ई दोन्ही युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, कधीचे आहेत. ज्यांना सोपं हवंय त्यांच्यासाठी आधुनिक स्पेलिंगची प्रत जरूर द्या, फक्त तिच्यावर तसं स्पष्ट लिहा. तोवर मी मुलांना स्कॅन केलेलं पानच दाखवणार आहे.

– एक जर्मन शिक्षिका, पुणे