ऑक्साइड म्हणजे लोहचुंबक नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

एप्रिल 2025 मध्ये चीनने सात रेअर अर्थवर (दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर) निर्यातीचे निर्बंध घातले तेव्हापासून लोकांना वाटायला लागलंय की रेअर अर्थचं काहीही घ्या, ते मॅग्नेटच. मी एम.एस्सी. फिजिक्सला आहे, प्रोजेक्ट गॅडोलिनियम या रेअर अर्थच्या ऑक्साइडच्या अतिपातळ फिल्मवर, तर परवा मामांनी पण विचारलं, तुझ्या त्या फिल्मला टाचणी चिकटते का गं? नाही चिकटत, आणि का नाही ते सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

नुसता गॅडोलिनियम धातू साधारण 20 अंशांच्या खाली लोखंडासारखा चुंबकाला चिकटतो. म्हणजे आपल्याकडे सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहाटे चिकटेल, मे महिन्यातल्या 42 अंशांत नाही. पण त्याचं ऑक्साइड झालं की गोष्टच वेगळी. प्रत्येक अणूत जोडी नसलेले सात इलेक्ट्रॉन तेच, अणू स्वतः छोटा चुंबकच, पण ते इलेक्ट्रॉन आत खोल दडलेले असतात, धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन एका अणूचा निरोप दुसऱ्याला पोचवतात आणि ऑक्साइडमध्ये तो निरोप्याच राहत नाही, मग जो तो आपापल्या दिशेला तोंड करून बसतो. युरोपियम या दुसऱ्या रेअर अर्थचं मोनॉक्साइड मात्र खरंच फेरोमॅग्नेट (लोखंडासारखं चुंबक) आहे, हे 1961 मध्ये कळलं, पण तेही 69 केल्विनच्या खाली, म्हणजे उणे 204 अंश. आणि फिल्म चार-पाच थरांची केली की वरच्या-खालच्या अणूंना शेजारीच कमी, त्यामुळे ते तापमान अजून खाली घसरतं.

आता खरं दुखणं सांगते. माझी फिल्म 5 नॅनोमीटरची, खालची सिलिकॉनची चकती अर्धा मिलिमीटर, म्हणजे फिल्मच्या एक लाख पट जाड, आणि सिलिकॉन स्वतः चुंबकाला किंचित विरोध करतं, त्यामुळे मशीन आधी चकतीचंच रीडिंग दाखवतं. तरी रूम टेंपरेचरला आमचा लूप आला, म्हणजे फेरोमॅग्नेटची खूण असलेला वेटोळ्यासारखा ग्राफ! दोन दिवस मी हवेत होते. मग सरांनी एकच विचारलं, सॅम्पल कशाने उचललंस? स्टीलच्या चिमट्याने. कोरी चकती त्याच चिमट्याने उचलून लावली तर तिचाही लूप आला, प्लॅस्टिकच्या चिमट्याने दुसरी लावली तर गायब. कडेला लागलेला, डोळ्यांना न दिसणारा स्टीलचा कण होता तो. हाफनियम ऑक्साइडची फिल्म फेरोमॅग्नेट असल्याचा 2004 मध्ये मोठा दावा झाला होता, तिथेही पुढच्याच वर्षी चिमट्याचा संशय पुढे आला, हे मला नंतर कळलं.

म्हणून विनंती आहे, सोलापुरातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये निदान प्लॅस्टिकचे चिमटे मिळावेत, शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे, आणि प्रोजेक्ट तपासताना कोऱ्या चकतीचं रीडिंग आधी मागावं. माझ्या रिपोर्टमध्ये तो खोटा लूपही मी लावलाय, खऱ्या ग्राफच्या शेजारी.

आपली,
एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर